वॉकर आणि उंबरठा

राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' जाहीर केली. वयाची पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या बँक खात्यात एकरकमी तीन हजार रुपये जमा करावयाचे, आणि त्यातून त्यांनी वार्धक्यातील दुर्बलतेवर उपयोगी पडणारी साधने विकत घ्यावयाची, असे तिचे स्वरूप. चष्मा, श्रवणयंत्र, तीन पायांची काठी, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, गुडघ्याचा व कमरेचा पट्टा यांच्या बरोबरीने घडीच्या वॉकरचे नावही त्या निर्णयातील यादीत आहे. तत्पूर्वी, एप्रिल २०१७ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत निराळा मार्ग पत्करला होता. तेथे शिबिरे भरवून, कानपूरच्या भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगमाकरवी प्रत्यक्ष वस्तूच देण्याची व्यवस्था होती.

वस्तू द्यावी की पैसा द्यावा, हा अर्थशास्त्रातील जुना वाद आहे. पैसा दिला असता घेणाऱ्याच्या निवडीला वाव राहतो, हा एका पक्षाचा युक्तिवाद. वस्तू दिली असता मदत भलतीकडे खर्च होत नाही, हा दुसऱ्याचा. धान्याच्या बाबतीत हा वाद अर्थपूर्ण आहे, कारण तांदूळ कोणत्याही मार्गाने घरात आला तरी तो शिजतोच. वॉकरचे तसे नाही. वॉकर घरात आला म्हणजे म्हातारा माणूस चालू लागला, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात, आणि नेमके हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे. अमर्त्य सेन यांनी १९८५ च्या आपल्या एका छोट्या ग्रंथात सायकलीचे उदाहरण घेतले आहे. सायकल ही वस्तू. पण तिच्यावर बसून कोठे जाता येणे हे त्या वस्तूपेक्षा वेगळे आहे, आणि ते बसणाऱ्याच्या शरीरावर अवलंबून असते. वॉकरच्या बाबतीत ते शरीराइतकेच घराच्या जमिनीवरही अवलंबून असते.

या गृहीताची परीक्षा सपाट फरशीवर घेण्यात अर्थ नाही. ती लोहगडवाडीसारख्या ठिकाणी घ्यावी.

मळवली स्थानकावर लोकलमधून उतरून भाजे गावातून, लेण्यांना बाजूस ठेवून जो रस्ता चढत जातो, तो लोहगड आणि विसापूर यांच्यामधील गायमुख खिंडीतून लोहगडवाडीत पोहोचतो. पायी ही दीड-दोन तासांची चढण आहे. गडाचा माथा समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडा अधिक उंच. वाडी त्याच्या पायथ्याशी, पण पायथा म्हणजे सपाटी नव्हे. मावळातील पाऊस सर्वांना ठाऊक आहे. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि डोंगराच्या कुशीतील वाड्यांना त्याचा पुरता प्रसाद मिळतो. चार महिने अंगणात चिखल आणि दगडावर शेवाळ. पाणी आत शिरू नये म्हणून अशा मुलखात घराला जोते उंच ठेवावे लागते. म्हणजे दारापाशी दोन-तीन पायऱ्या आल्या. त्यानंतर उंबरठा. आत कोठे कोबा, कोठे शहाबादी फरशी, कोठे सारवलेली जमीन. न्हाणी एका पायरीने खाली, आणि शौचालय बहुधा परसात.

समजा, अशा घरातील सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे झिजलेल्या आजींच्या खात्यात तीन हजार रुपये आले. नातू लोणावळ्याला किंवा तळेगावला जाऊन वॉकर घेऊन येतो. साधा, अॅल्युमिनियमचा, घडी होणारा वॉकर या रकमेच्या आत मिळतो, तेव्हा पैशाची अडचण नाही. दुकानदार खोके देतो, नातू पावती घेतो. योजनेच्या निर्णयानुसार खरेदीचे देयक तीस दिवसांत संगणकीय पोर्टलवर चढवावयाचे असते, अन्यथा रक्कम वसूल होऊ शकते. ते चढले की शासनाच्या हिशेबी काम पूर्ण झाले. आजींचे काम तेथून सुरू व्हावयाचे असते. पहिला प्रश्न: वॉकर त्यांच्या मापाचा आहे काय? दुसरा: तो धरून कसे चालावे हे त्यांना कोणी दाखविले काय? आणि तिसरा: तो घेऊन त्या जाणार कोठे? उंबरठ्यापर्यंत!

निवड कशाची करावयाची

वॉकर हा शब्द आपण सरसकट वापरतो. पण त्यात निदान तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. पहिला बिनचाकी, चार पायांचा, प्रत्येक पायाला रबरी टोपी असलेला. तो उचलून पुढे ठेवावा लागतो. यावर भार टाकता येतो आणि तो सर्वांत स्थिर असतो. मात्र प्रत्येक पावलागणिक उचलण्याइतके बळ दंडात हवे, आणि चाल मंदावते. दुसरा, पुढच्या दोन पायांना लहान चाके असलेला. तो उचलावा लागत नाही, किंचित ढकलावा लागतो. ज्यांच्या हातात जोर नाही किंवा वॉकर उचलताना ज्यांचा तोल मागे जातो, त्यांना हा बरा. कंपवाताच्या रुग्णांची पावले उचल-ठेव करताना मध्येच अडतात, त्यांच्यासाठीही सामान्यतः चाकांचाच विचार केला जातो. तिसरा चार चाकांचा, हाताशी ब्रेक आणि मध्ये बसण्याची पाटी असलेला. त्याचा जन्म स्वीडनमधला. आयना वीफाल्क या, पोलिओमुळे स्वतः चालण्याची अडचण सोसलेल्या बाईंनी तो १९७८ मध्ये तयार केला. दिसायला तो सर्वांत देखणा, आणि परदेशी असलेली मुले आईवडिलांना हौसेने तोच पाठवितात. पण तो भार टाकण्यासाठी नाही. भार टाकताच तो पुढे पळतो. ज्याला दमल्यामुळे मध्ये मध्ये टेकावे लागते, पण ज्याचा तोल बरा आहे आणि ब्रेक आवळण्याइतकी मूठ व भान शाबूत आहे, त्याच्यासाठी तो आहे. आणि त्याला रस्ता हवा स्वीडनमधल्यासारखा. लोहगडवाडीच्या उतारावर तो देणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाला गाड्याला जुंपून गाडा सोडून देण्यासारखे होईल.

अर्धांगवायूने एक हात निकामी झालेल्यास यांतील कोणताही वॉकर उपयोगी नाही, कारण त्याला दोन्ही मुठी लागतात. तेथे तीन किंवा चार पायांची काठीच हवी. ही गोष्ट उघड वाटते. तरीही अर्धांगाच्या रुग्णाच्या खाटेशेजारी कोरा वॉकर उभा असलेला मी पाहिला आहे.

त्याआधीचीही एक पायरी आहे. म्हातारे माणूस अडखळू लागले की घरचे लोक आधार शोधू लागतात. पण अडखळण्याचे कारण कधी मोतीबिंदू असते, कधी झोपेची गोळी, कधी उभे राहताच रक्तदाब खाली येणे, तर कधी मधुमेहाने बधिर झालेले तळवे. वॉकर यांपैकी कशावरही उपचार नाही. तोल अलीकडेच जाऊ लागला असेल तर आधी डॉक्टर, मग दुकान, हा क्रम पाळला पाहिजे.

उंचीचा प्रश्न सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. नेहमीची पादत्राणे घालून सरळ उभे राहावे, हात बाजूंना मोकळे सोडावेत. मनगटाची घडी जेथे येते, तेथे वॉकरची मूठ आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. वॉकर उंच झाला तर खांदे कानांकडे चढतात आणि हातांतून भार उतरत नाही. बुटका झाला तर माणूस पुढे वाकतो, आणि वाकलेल्याचा तोल जावयास वेळ लागत नाही. वॉकरच्या पायांना इंचाइंचावर भोके असतात व आतील कळ दाबून उंची कमी-जास्त करता येते. आमच्या नात्यातील एका घरी दुकानातून आलेला वॉकर दोन वर्षे जसाच्या तसा वापरात होता; त्या कळा दाबण्यासाठी असतात हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते आणि घेणाऱ्यांनी विचारले नव्हते. आजोबा पोक काढून चालतात, हे वयाच्या खात्यावर लिहिले गेले होते.

येथे आपल्या स्त्रियांच्या बाबतीत एक विशेष अडचण संभवते. चार फूट आठ इंच उंचीच्या बाईच्या मनगटाची घडी जमिनीपासून जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस इंचांवर येते, आणि प्रौढांसाठी म्हणून मिळणारे बरेच वॉकर सर्वांत खालच्या भोकावरही त्याहून उंच असतात. लहान मापाचे वॉकर निराळे मिळतात, पण ते मागावे लागतात. मागण्यासाठी माप ठाऊक हवे. आजींना दुकानापर्यंत नेणे शक्य नसेल तर सुतळीचा तुकडा घेऊन जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचे अंतर मोजावे, गाठ मारावी आणि ती सुतळी दुकानात न्यावी. याला ना पैसा लागतो, ना तज्ज्ञ.

चालण्याचेही शिक्षण

उतारवयात चालायला शिकावे लागते ही कल्पनाच आपल्याला रुचत नाही. लहान मुलाला पांगुळगाडा देतो तेव्हा आपण त्याच्यामागे वाकून चालतो, त्याचे कौतुक करतो. म्हाताऱ्या माणसाच्या हाती वॉकर दिला की मात्र खोलीबाहेर पडतो. वस्तुतः शिकण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. वॉकर एका पावलाइतकाच पुढे ठेवावा आणि त्याचे चारही पाय जमिनीला टेकल्याशिवाय पाऊल उचलू नये. मग दुखरा पाय चौकटीच्या मध्यापर्यंत, त्यानंतर मुठींवर भार देऊन चांगला पाय. पुढच्या आडव्या दांड्याला पाय भिडेल इतके आत शिरले तर माणूस मागे कलंडतो. वॉकर फार पुढे ठेवला तर तोंडावर पडतो. वळताना लहान लहान पावले टाकून वॉकरसह वळावे, कमरेतून पिळू नये.

सर्वांत अधिक धोका उठण्या-बसण्याच्या वेळी असतो. खुर्चीवरून उठताना माणूस सहजच वॉकरच्या मुठी धरून स्वतःला ओढून घेतो, आणि हलका वॉकर त्याच्यासकट उलटतो. उठण्यासाठी भार खुर्चीच्या हातांवर द्यावा; उभे राहून स्थिर झाल्यावर एकेक हात वॉकरवर न्यावा. बसताना मागे सरत जाऊन खुर्चीची कड पोटऱ्यांना लागेपर्यंत थांबावे, हातांनी खुर्ची चाचपावी आणि मग बसावे. हे दोनदा सांगून भागत नाही. दहा दिवस कोणी तरी शेजारी उभे राहून करवून घ्यावे लागते.

पायात सैल स्लिपर नको. मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवा. पाचवारी साडीच्या निऱ्या वॉकरच्या पायांत आणि स्वतःच्या पावलांत अडकतात, म्हणून साडी घोट्याच्या वर नेसावी. या एका बाबतीत नऊवारी नेसणाऱ्या पिढीची सोय अधिक होती. रबरी टोप्या झिजून गुळगुळीत झाल्या की त्या ओल्या फरशीवर साबणासारख्या घसरतात. दर महिन्याला वॉकर उलटा करून त्या पाहाव्यात. बदलण्यास फारसा खर्च नाही. वॉकरच्या पुढच्या दांड्याला पाण्याची बाटली, जपमाळ, औषधे अशी हलकी पिशवी बांधावी; भाजीची पिशवी बांधू नये.

आणि जिना वॉकर घेऊन चढू नये. दारापुढच्या दोन-तीन पायऱ्यांसाठी एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या हाती काठी, हाच मार्ग. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी कोणत्या हातात धरावी, याविषयी तर सुशिक्षितांतही सार्वत्रिक गैरसमज आहे. दुखरा पाय उजवा तर काठी डाव्या हातात धरावयाची असते. नैसर्गिक चालीत उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जातो. म्हणून त्या हातातील काठी नेमक्या वेळी दुखऱ्या पायाचा भार उचलते. दुखऱ्याच बाजूला धरलेली काठी शोभेची उरते.

चटई, खाट आणि परसातील दार

लोहगडवाडीकडे परत येऊ. उतारावर बिनचाकी वॉकर पुढे ठेवला की त्याचे पुढचे पाय खाली जातात व चौकट पुढे झुकते. तिच्यावर भार टाकणारा माणूसही तिच्याबरोबर झुकतो. चिखलात रबरी टोप्या रुततात. म्हणून अशा गावात वॉकर हे घरातले साधन आहे. बाहेर काठी आणि माणसाचा हात यांना पर्याय नाही. हे एकदा मान्य केले की प्रश्न घराच्या आत येतो, आणि तेथे तो अधिक बिकट होतो.

वॉकरची मूळ कल्पना खुर्चीत बसणाऱ्या, पलंगावर निजणाऱ्या आणि उंच कमोड वापरणाऱ्या समाजातली आहे. आपल्याकडे, विशेषतः खेड्यात, म्हातारे माणूस चटईवर बसते, जमिनीवर निजते, पाटावर जेवते आणि उकिडवे बसून शौच करते. जमिनीवरून उठण्यासाठी वॉकरचा काडीमात्र उपयोग नाही. तेव्हा वॉकरबरोबर हातांची खुर्ची आणि बेताच्या उंचीची खाट आली नाही, तर तो घेऊन काय करावयाचे? अर्थशास्त्रात ज्यांना पूरक वस्तू म्हणतात, त्या या. चहा आणि साखर यांची उदाहरणे आम्ही वर्गात देतो. वॉकर आणि खुर्ची हे अधिक बोलके उदाहरण ठरेल. साखरेवाचून चहा निदान पिता तरी येतो.

शौचालयाचा विचार तर कोणीच करीत नाही. स्वच्छ भारत अभियानात २०१४ पासून बारा हजार रुपयांच्या प्रोत्साहन रकमेतून घरोघर शौचालये उभी राहिली, ही मोठीच गोष्ट झाली. पण अशा शौचालयाचे दार बहुधा दोन-अडीच फुटांचे, समोर एक पायरी, आत जमिनीलगतचे भांडे. उघडलेला वॉकर सुमारे दोन फूट रुंद असतो. तो दारातून शिरला तरी आत वळत नाही. परिणामी ज्या क्षणी आधाराची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी तो दाराबाहेर राहतो. तोही पहाटेच्या अंधारात, ओल्या जागेवर. मग म्हातारी माणसे स्वतःपुरता एक उपाय शोधतात. संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत.

या ठिकाणी लागतो तो भिंतीत पक्का बसविलेला एक लोखंडी दांडा, पायरीऐवजी थोडा उतार, खडबडीत कोबा आणि रात्रीचा दिवा. गवंड्याचे एक दिवसाचे काम आहे. पण वयोश्रीच्या यादीत ज्या वस्तूंची नावे येतात, त्यांत दांडा नाही, कोबा नाही. सुटी वस्तू विकत घेता येते आणि तिचे देयक मिळते. घर दुरुस्त करणे हे साधन मानले जात नाही.

आपल्याकडे याहून वेगळा विचार झालेलाच नाही असे मात्र नाही. पुण्यातील सैन्यदलाचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून कार्यरत आहे. तेथे कोणत्याही जवानाला गोदामातून काढून तयार पाय देत नाहीत. माप घेतात, बसवून पाहतात, चालवून पाहतात, पुन्हा दुरुस्त करतात. जयपूरला १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जे पाऊल घडविले, त्याचे यश कशात होते? अनवाणी चालणारा, उकिडवा बसणारा, शेतातल्या पाण्यात उभा राहणारा माणूस त्यांनी डोळ्यांपुढे ठेवला. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी होता, आणि तो घेऊन गावी गेलेला माणूस पुन्हा कुबड्यांवर येत असे. पायाच्या बाबतीत जे आपण पन्नास वर्षांपूर्वी ओळखले, ते वॉकरच्या बाबतीत अद्याप ओळखलेले नाही. कदाचित पाय गमावलेला माणूस बहुधा तरुण, कमावता असतो आणि वॉकरवर आलेला माणूस हिशेबाबाहेर गेलेला असतो, म्हणून असेल.

पण तो हिशेबाबाहेर नाही. पडणे हे जगभर अपघाती मृत्यूंचे रस्त्यावरील अपघातांच्या खालोखालचे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील माहितीनुसार दरवर्षी सुमारे सहा लाख चौऱ्याऐंशी हजार माणसे पडून मरतात, आणि त्यांत साठीपुढील लोकांचा भरणा अधिक. न मरणाऱ्यांपैकी अनेकांचे खुब्याचे हाड मोडते. मग शस्त्रक्रिया, अंथरूण, आणि शुश्रूषेसाठी घरातील एका कमावत्या माणसाचे, बहुधा सुनेचे, बुडालेले काम. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने सत्तरीपुढील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले. ते स्वागतार्हच आहे. परंतु पडल्यानंतर पाच लाखांपर्यंत, आणि पडू नये म्हणून आयुष्यात एकदा तीन हजार, त्यातही माप घेणारा कोणी नाही, हे प्रमाण कोणत्याही काटकसरी गृहिणीला पटणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील लोक दहा कोटींहून अधिक होते, आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास होते. शतकाच्या मध्यापर्यंत देशात दर पाच माणसांत एक साठीपुढील असेल, असा अंदाज आहे.

एक अडसर पैशाचा नाही, मनाचा आहे. वॉकर घेतला म्हणजे आपण संपलो, असे वाटून अनेक जण भिंत धरधरून, कपाटाच्या कडा पकडून चालत राहतात आणि एक दिवस पडतात. येथे लोहगडवाडीच काही शिकवू शकेल. शनिवारी-रविवारी तेथे शहरातून येणारे तरुण गिर्यारोहक पाहावेत. कित्येकांच्या हातात घडीच्या, उंची कमी-जास्त करता येणाऱ्या, टोकाला रबर असलेल्या काठ्या असतात, कधी दोन-दोन. गुडघ्यांवरचा भार कमी व्हावा म्हणूनच त्या घेतलेल्या असतात, आणि त्यांची कोणाला लाज वाटत नाही. तेच तत्त्व, तेच रबर. वाटेवरच्या ओसरीत बसलेल्या आजोबांनी काठी घेतली तर मात्र ते म्हातारपण ठरते.

जुलै २०२५ मध्ये लोहगडाचा समावेश, अन्य अकरा दुर्गांसह, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. आता गडावरच्या पायऱ्या, कठडे, वाहनतळ यांचा विचार होईल आणि तो व्हावाच. गणेश दरवाजापासून महादरवाजापर्यंतच्या पायऱ्यांची जशी पाहणी होईल, तशी पायथ्याच्या वाडीतील घरांपुढच्या पायऱ्यांचीही होण्यास हरकत नाही. गावाच्या मुख्य वाटेला एका बाजूने सलग लोखंडी नळीचा कठडा, हे पर्यटकांसाठी नसले तरी त्यांच्याही उपयोगी पडणारे काम आहे.

माप घेण्यासाठी आणि शिकविण्यासाठी माणसे कोठून आणावयाची, असा प्रश्न येईल. २०१०–११ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर भौतिकोपचाराची आणि पुनर्वसन कार्यकर्त्याने घरी जाण्याची कल्पना कागदावर आहेच. परंतु तालुक्यातून एक माणूस मावळातील सगळ्या वाड्यांना पुरा पडणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये तीच पद्धत देशभरातील आशा स्वयंसेविकांकडे सोपविण्यात आली. घरभेटींच्या संचामागे त्यांना मोबदलाही ठरला. बाळाचे वजन करणारी, त्याचा श्वास मोजणारी गावातील बाई सुतळीने मनगटाची उंचीही मोजू शकेल, वॉकरची कळ दाबू शकेल आणि दहा दिवस एका आजीशेजारी उभी राहू शकेल. मात्र तिच्यावर आधीच लादलेल्या कामांत हे एक फुकटचे काम म्हणून घालू नये. त्याचा वेगळा मोबदला असावा. साधनाच्या रकमेइतकीच रक्कम घरातील दुरुस्तीसाठी, गवंड्याच्या पावतीवर, द्यावी. साधन आणि दुरुस्ती यांतील वाटणी कशी करावयाची ते त्या घराने ठरवावे. कोणाला वॉकरपेक्षा दांडाच अधिक हवा असेल.

आणि देयक चढवावयाचे आहेच, तर त्या नमुन्यात दोन रकाने वाढवावेत. एकात साधन वापरणाऱ्या व्यक्तीच्या मनगटाची जमिनीपासूनची उंची लिहावी, आणि दुसऱ्यात तिच्या शौचालयाच्या दाराची रुंदी.